आरोग्य धोरणाच्या कामात (पॉलिसीत) जायचंय? आधी पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) कर
डॉक्टर, एमपीएचचा (सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सचा) फॉर्म भरायची घाई नको करूस. आधी वर्ष-दोन वर्षं पीएचसीत एमओ (वैद्यकीय अधिकारी) म्हणून काढ, कारण औषधांचं इंडेंट (मागणीपत्र) कुठे अडकतं, आशा सेविकांचे पैसे का रखडतात, रुग्ण कल्याण समितीच्या खर्चावर सही कोणाची लागते हे सगळं तिथेच कळतं. एनएचएमचा (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा) पीआयपी, म्हणजे कामांचा आणि खर्चाचा आराखडा, मिळवून वाच, महाबोअर आहे, पण पैसा कुठे जातो ते त्यातच दिसतं. बंग दांपत्याचं गडचिरोलीचं काम बघ, घरोघरी नवजात बाळांची काळजी, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर १९९९ चा आणि आशांमार्फत तो कार्यक्रम देशभर यायला २०११ उजाडलं! एवढा धीर असेल तर ये बाबा. एमपीएचसाठी मग त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर बघ, चांगलंय. आणि हो, टीएचओशी (तालुका आरोग्य अधिकाऱ्याशी) उगाच भांडू नकोस.