गोळी बंद, काढा सुरू

आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थरायटिसचं) निदान होऊन दोन महिने झालेल्या एक ताई समुपदेशनाला आल्या. त्यासाठी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी 'प्रतिकारशक्ती दाबते' हे वाचून त्या धास्तावल्या होत्या. "आधीच अंगात त्राण नाही, त्यात प्रतिकारशक्तीच मारायची? जाऊबाई म्हणाल्या, गुळवेल घे." पंधरा दिवस काढा सुरू, गोळी बंद.

ही भीती फार जणांना असते. तिच्या मुळाशी एक समज आहे: प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, कमी झालं की भरायचं. ताईंना आधी हेच सांगितलं, की प्रतिकारशक्ती म्हणजे अनेक पेशी, आणि त्या एकमेकींना वाढवतात तशा आवरतातही. जंतू ओळखणारी टी-पेशी (एक पांढरी रक्तपेशी) इंटरल्यूकिन-२ हा रेणू सोडते आणि त्याच्याच जोरावर दुभागत जाते. काही दिवसांत एकीच्या हजारो होतात. शेजारच्या नियामक टी-पेशी हा रेणू स्वतः जवळजवळ बनवत नाहीत, पण तो पकडणारे ग्राही त्यांच्यावर भरपूर असतात. त्या तो शोषून घेतात आणि लढणाऱ्यांची रसद तुटते. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या नियामक पेशी ओळखल्या. २०२५ च्या नोबेलचे ते एक मानकरी.

आमवातात हा लगाम सांध्यांच्या अस्तरात अपुरा पडतो आणि लढणाऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर उठतात. मग 'शक्ती वाढवा' म्हणजे कुणाची? काढा लढणाऱ्या आणि आवरणाऱ्या पेशींतून निवड करत नाही. शिवाय गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि मेथोट्रेक्सेटवरही यकृत जपावंच लागतं.

गोळी परत सुरू करायचा निर्णय समुपदेशकाचा नाही. काढ्यासकट सगळं डॉक्टरांना सांगा, एवढाच आग्रह धरला. रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, थोडं वाढलेलं निघालं. काढा थांबला, आकडा उतरल्यावर गोळी सुरू झाली.

सर्वांत घातक चूक वेगळीच असते: आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी रोज घेतली जाते. त्याने अस्थिमज्जा खचून जीवावर बेततं. ताईंनी पाकिटावर 'फक्त बुधवार' लिहिलं. गोळीचे दुष्परिणाम कमी करणारं फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर धीर सुटतो, हेही आधीच सांगितलं. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

पुढच्या भेटीत त्यांनी फ्लूच्या लशीचं विचारलं. इंजेक्शनची, निष्क्रिय विषाणूंची लस चालते. जिवंत विषाणूंची मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.