पुण्यातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानाचा इतिहास कुठे शोधायचा?

पणजोबांचं पेठेतलं फर्निचरचं दुकान कधीच बंद झालं, हाताशी पाटीचा एक फोटो तेवढा आहे, आता सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

पाटीवरच्या 'स्थापना' सालावर विसंबू नका. कुणी पहिला पाट विकला तिथून मोजतं, कुणी गाळा घेतला तिथून.

भागीदारी असेल तर फर्म्स रजिस्ट्रारकडे जा. १९३२ च्या कायद्याप्रमाणे ती नोंदवही फी भरून कुणालाही पाहता येते. भागीदार कोण, कधी आले, कधी निघाले ते तिथे कळतं. दुकानांच्या नोंदणीचा जुना शॉप अ‍ॅक्ट १९४८ चा, त्याआधीचं त्यात बहुधा काही मिळणार नाही. प्रॉपर्टी कार्डावर बहुधा वाड्याच्या मालकाचं नाव निघेल, कारण पेठेतले गाळे बहुतेक भाड्याचेच. एखादं बिल सापडलं तर नीट वाचा. 'नवे पैसे' लिहिलेले असतील तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचं. ४११ ने सुरू होणारा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. (पिनकोड नाही म्हणून जुनंच असं मात्र धरू नका, पुण्यात आजही लोक नुसतं 'पुणे ३०' लिहितात.) गणेश मंडळांच्या जुन्या स्मरणिका चाळा, पेठेतल्या दुकानांच्या जाहिराती त्यांत हमखास असतात.

पण एवढ्याने तुम्हाला फक्त मालक सापडतील.

माझे आजोबा अशाच एका दुकानात मिस्त्री होते, उभी हयात तिथेच गेली. दुकानाच्या अमृतमहोत्सवाला मालकांनी गुळगुळीत कागदावर पुस्तिका काढली. मालकांच्या तीन पिढ्या, पाहुणे, नवी शोरूम, सगळं त्यात. कारागिरांचा एकच फोटो, खाली ओळ, 'आमचा कर्मचारी वर्ग'. आजोबा दुसऱ्या रांगेत उभे. मी मालकांच्या नातवाला नावाबद्दल विचारलं, तर म्हणाला, "काका, नाव छापायचं तर काही पुरावा लागतो ना." हजेरीपत्रकं त्यांनीच रद्दीत घातली होती!

मग मी जुन्या गिऱ्हाइकांची घरं गाठली. एका घरी शिसवी टेबल अजून वापरात होतं. त्याचा खण पूर्ण बाहेर काढून उलटा केला. तळाच्या फळीला कुणी पॉलिश लावत नाही, त्यामुळे पेन्सिलीचं लिखाण जसंच्या तसं होतं: माप इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), गिऱ्हाइकाचं आडनाव, तारीख, आणि कोपऱ्यात मोडीत आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर. कडेचे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे, हाताने कापलेले, दोन सारखे नाहीत, आणि आखणीची बारीक रेघ अजून शाबूत. त्याचा फोटो मालकांच्या नातवाला पाठवला. उत्तर आलं, अक्षर कुणाचंही असू शकतं. आजीच्या पत्र्याच्या पेटीतून आजोबांची मापांची वही काढली. तेच अक्षर, तेच आडनाव, टेबलाची तीच मापं, तारीख खणावरच्या तारखेच्या थोडी आधीची. तेही पाठवलं. त्यावर मात्र उत्तर आलं नाही.

म्हणून तुमच्या पणजोबांचं नाव राहू द्या बाजूला, ते तुम्हाला माहीतच आहे. रंधा कोण मारत होतं, पॉलिश कुणाचं होतं, खुर्च्यांचं वेतकाम कोण करत होतं, ते आधी शोधा. गल्ल्यावर बसून दुकान चालतं, पण पलंग होत नाही. मालकाच्या घरातल्यांना हे पटत नाही, हा माझा अनुभव आहे; तुम्ही वेगळे निघालात तर आनंदच आहे.

दोन गोष्टी राहिल्या. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे रजिस्टरात नाव नाही म्हणजे भागीदारी नव्हती असं होत नाही. आणि दुकान नदीच्या बाजूच्या पेठेत असेल तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात कागद गेले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी जुन्या गिऱ्हाइकांकडचं फर्निचर हाच पुरावा. कपाटाची पाठ बघा, खण उलटे करा. मोडी लागली तर ती वाचणारे पुण्यात आजही आहेत.

कारागिरांची नावं कुणालाच आठवत नसतील तर पाटीच्या फोटोची प्रत घेऊन भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आणि तुमच्या पेठेतल्या जुन्या हार्डवेअरवाल्यांकडे जा. लाकूड निवडायला आणि बिजागऱ्या न्यायला मालक क्वचितच यायचे, मिस्त्री यायचे. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा.