लंडन फोर्सेस इतके कमकुवत असतात, मग हायड्रोकार्बनचा आकार ते कसे काय ठरवतील? आणि परीक्षेत हे लिहायचं का?

तुम्ही प्रश्नात तुमच्या सरांचं वाक्य दिलंय, "लंडन फोर्स सगळ्यात कमकुवत, त्याने फक्त बॉइलिंग पॉइंट बदलतो, रेणूचा आकार नाही." अगदी हेच मी पीएचडीला असताना भर सेमिनारमध्ये ऐकून घेतलंय, म्हणून लिहायला बसलो. हे वाक्य चूक आहे. अर्धवट वगैरे नाही, सरळ चूक.

लंडन फोर्स, म्हणजेच डिस्पर्शन, हे इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालीमुळे अणू-रेणूंमध्ये तयार होणारं आकर्षण. एक जोडी धरली तर ते किरकोळ आहे, त्यात वाद नाही. दोन मिथेन रेणूंमध्ये ते जेमतेम अर्धा किलोकॅलरी प्रति मोल भरतं आणि साधा कार्बन-कार्बन बंध ८० च्या वर जातो. पण ज्यांच्या नावाने हे ओळखलं जातं त्या फ्रिट्झ लंडन या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० साली जे मांडलं त्यात कुठलीच जोडी सुटत नाही, जवळ आलेला प्रत्येक गट दुसऱ्या प्रत्येक गटाला ओढतो आणि या ओढीची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे जरा जवळ सरकलं की झपाट्याने वाढते. थेंबे थेंबे तळे साचे, इतकंच. एका जोडीचा आकडा फळ्यावर लिहून "बघा किती छोटा" म्हणणारे बेरीज करतच नाहीत.

आता माझं सांगतो. २०१३ च्या आधीची गोष्ट, मी लांब सरळसाखळी अल्केनवर कॅल्क्युलेशन करत होतो, एकटा रेणू, आजूबाजूला सॉल्व्हंट नाही की दुसरा रेणू नाही. वीस-बावीस कार्बनची साखळी घेतली. एक सरळ, सगळीकडे अँटी (म्हणजे प्रत्येक बंधाभोवती साखळीची दोन टोकं विरुद्ध दिशांना), आणि दुसरी मधोमध दुमडून दोन्ही बाजू समांतर ठेवलेली, जिला हेअरपिन म्हणतात. वळणावर चार गॉश (म्हणजे ६० अंशांच्या आसपासचे पीळ) द्यावे लागतात, प्रत्येकाला साधारण अर्धा ते एक किलोकॅलरी दंड बसतो, म्हणून पुस्तकी हिशोबाने सरळ साखळीच जिंकायला हवी. आधी साधं बी-थ्री-एलवायपी, म्हणजे एनर्जी काढायचं नेहमीचं क्वांटम सूत्र (फंक्शनल), लावलं तर ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीचा आकार शोधण्याच्या, एकेका स्टेपला दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर सरकायला लागल्या, शेवटी वळण तेवढं शिल्लक आणि एनर्जी सरळ साखळीच्या बरीच वर. कारण त्या फंक्शनलला हे लांबचं आकर्षण दिसतच नाही. मग ग्रिम्मे या रसायनशास्त्रज्ञांचं डिस्पर्शन करेक्शन, म्हणजे हेच सुटलेलं आकर्षण हिशोबात धरणारी दुरुस्ती, चालू केलं, सुरुवातीचं स्ट्रक्चर तेच ठेवलं, आणि बाजू साडेचार अँगस्ट्रॉमच्या आसपास येऊन घट्ट बसल्या, एनर्जी सरळ साखळीच्या खाली, म्हणजे दुमडलेला रेणूच जास्त स्थिर. मी तो स्क्रीन किती वेळ बघत बसलो असेन!

सेमिनारमध्ये विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "हे करेक्शन तुम्ही हवं ते उत्तर काढायला बाहेरून चिकटवलंय. साखळी सरळ असते, बारावीचं पोरगंही सांगेल." मी म्हटलं, सर, हे आकर्षण निसर्गात आहेच, ते गाळून केलेलं कॅल्क्युलेशन जास्त प्रामाणिक कसं? उत्तर आलं नाही, लोक हसले, माझे गाइड गप्प बसले, आणि थीसिसमधलं ते अख्खं प्रकरण आकसून परिशिष्टात एक परिच्छेद उरलं. याचं दुःख अजून आहे. मी काही पहिला नव्हतो, थिअरीच्या अंगाने लोकांनी हे आधीच सुचवलं होतं, पण ऐकून घ्यायची तयारीच नव्हती. २०१३ मध्ये गॉटिंगेनच्या झूम यांच्या गटाने अल्केनची वाफ निर्वातात सोडून गार केली, रामन स्पेक्ट्रम घेतले आणि दाखवलं की सतराच्या आसपास कार्बन झाले की दुमडलेला रेणू जास्त स्थिर ठरतो. मी तो पेपर प्रिंट काढून विभागाच्या नोटीस बोर्डावर लावला.

तुमच्या सरांनी "बल्की ग्रुप म्हणजे ढकलाढकली" हेही शिकवलं असणार. मग त्यांना हेक्साफेनिलइथेनबद्दल विचारा, म्हणजे सहाही हायड्रोजनच्या जागी फेनिल रिंगा बसवलेलं इथेन. गोम्बर्ग हे रसायनशास्त्रज्ञ १९०० साली ते बनवायला गेले आणि हाती लागला ट्रायफेनिलमिथाइल रॅडिकल, साधं हेक्साफेनिलइथेन टिकतच नाही. पण त्याच्या सहा फेनिल रिंगांवर मेटा जागी मिळून बारा टर्ट-ब्युटाइल, म्हणजे चार कार्बनचे फुगीर गट, लावले तर रेणू टिकतो, त्याचा क्रिस्टल मिळतो, मधला बंध नेहमीच्या १.५४ ऐवजी १.६७ अँगस्ट्रॉमपर्यंत ताणलेला असूनसुद्धा. गर्दी वाढवली आणि रेणू स्थिर झाला! तेच ग्रिम्मे आणि श्रायनर हे दुसरे रसायनशास्त्रज्ञ यांनी २०११ मध्ये याचं कारण दाखवलं, ते टर्ट-ब्युटाइल गट एकमेकांना ओढून दोन्ही अर्धुकं जागेवर धरतात. श्रायनर यांच्याच गटाने हिऱ्यासारख्या सांगाड्याचे दोन तुकडे जोडून १.७० अँगस्ट्रॉमचा बंध बनवला आणि तो २०० अंशांच्या वर तापवला तरी टिकतो. नुसत्या ढकलाढकलीने हे समजावून दाखवा.

बॉइलिंग पॉइंटचं म्हणाल तर एन-पेंटेन ३६ अंशांना उकळतं आणि निओपेंटेन साडेनऊला, ते रेणू-रेणूंमधल्या आकर्षणामुळे, गोल रेणूला शेजाऱ्याला चिकटायला पृष्ठभाग कमी. पण एकेका रेणूची स्थिरता बघितली तर निओपेंटेन पाचेक किलोकॅलरीने सरस आहे. त्यामागचं नेमकं कारण काय यावर अजून वाद चालतो, तरी रेणूच्या आतल्या, एकाआड एक कार्बनमधल्या आकर्षणाचं नाव त्यात येतंच.

सॉफ्टवेअर हाताशी असेल तर एकच रेणू डिस्पर्शन बंद आणि चालू असा दोनदा चालवा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून सरांना दाखवा. "चिकटवलंय" म्हणाले तर प्रयोगाचा पेपर पुढे करा, गप्प बसू नका.

हां, हे आधी सांगायला हवं होतं, दुमडण्याचं हे सगळं एकट्या, गार रेणूचं आहे. खोलीच्या तापमानाला साखळी सतत वळवळत असते, आणि द्रवात किंवा सॉल्व्हंटमध्ये तेच आकर्षण शेजारचे रेणू देतात, म्हणून दुमडून फारसा वेगळा फायदा होत नाही. पॉलिइथिलीनच्या क्रिस्टलमध्ये साखळ्या घड्या घालतात ते मुख्यतः क्रिस्टल वाढण्याच्या वेगामुळे, त्याची यात सरमिसळ करू नका.

परीक्षेचं म्हणाल तर ब्युटेन, पेंटेन, हेक्सेनला बिनधास्त अँटी लिहा, लहान साखळीत तेच बरोबर आहे. सतराच्या पुढची साखळी कोणी पेपरात विचारणार नाही, आणि विचारलीच तर हेअरपिन काढून वळणावरचे चारही गॉश दाखवा.