रंग बदलणाऱ्या मोटारी

प्रश्न : टेक्सासात रस्त्याकडेला अर्ध्या गाडलेल्या मोटारींचा तुमचा फोटो अंकात पाहिला. माझ्या भाच्याने तिथूनच पाठवलेल्या फोटोत रंग भलतेच आहेत. खरा कोणता?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : दोन्ही खरे, ताई. ॲमरिलो शहराच्या पश्चिमेला ‘कॅडिलॅक रँच’ आहे. १९७४ मध्ये ‘अँट फार्म’ या कलाकारांच्या गटाने कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीच्या १० मोटारी तिथे तोंडाकडून जमिनीत पुरल्या. मागच्या टोकाचे पंखासारखे पत्रे वर, म्हणजे मॉडेलागणिक ते कसे बदलत गेले ते दिसतं. १९९७ मध्ये शहर जवळ सरकलं म्हणून सगळ्या उपटून आणखी पश्चिमेला नेल्या.

येणारा-जाणारा स्प्रेचा डबा घेऊन त्यांवर नाव रंगवतो, मनाई नाही. आपल्या किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांचा मला संताप येतो, इथे मात्र मजा वाटली. कालचं नाव आज दुसऱ्याच्या नावाखाली जातं, कुणाचीच मिरवणूक टिकत नाही.

मला वेड लावलं ते रंगाच्या जाडीने. एका दाराच्या कडेला पापुद्रा सुटला होता. आत निळा, पिवळा, गुलाबी, परत निळा. शिवेवरच्या म्हसोबावर शेंदराची पुटं चढत जातात, तसा मूळ पत्रा कुठे हरवला कळत नाही.

भाच्याला सांगा, भर दुपारी फोटो काढू नकोस. जळगावच्या उन्हात वाढलेल्या पोराला हे कळायला हवं. ऊन कललं की जमिनीलगत बसायचं. आणि फोटोवर तारीख हवीच, नाहीतर पुढचे भांडत बसतील.