वीस फुटी पॉन्टून बोट घ्यावी की चोवीस फुटी?

सहा जणांच्या कुटुंबासाठी दोन ट्यूबची वीस फुटी पॉन्टून (लांब पोकळ नळ्यांवर, म्हणजे ट्यूबवर, तरंगणारी सपाट डेकची बोट) घ्यावी की तीन ट्यूबची चोवीस फुटी, असे आपण विचारले आहे. लहान बोटीच्या पाटीवर दहा माणसांची क्षमता लिहिलेली असल्यामुळे ती सहज पुरेल, असे विक्रेत्याने आपल्याला सांगितले आहे. माझे स्पष्ट मत आहे की मोठी घ्यावी. बोट एकंदर किती भार पेलते एवढेच पाटीवरून कळते; तो भार डेकवर कुठे बसणार आहे, याचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

आम्ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनेटोंका तलावाजवळ राहतो. माझ्या साडूंनी आणि मी भागीदारीत बोट घेतली, तेव्हा मी चोवीस फुटीचा आग्रह धरला होता. "दहा माणसे मावतात, मग उगाच जास्त पैसे कशाला घालवायचे?" असे म्हणून त्यांनी वीस फुटीच घ्यायला लावली. पुढे जुलैमध्ये पुण्याहून सासूबाई-सासरे आले आणि आम्ही सगळे एका शनिवारी तलावावर गेलो. पाटीवरच्या आकड्यापेक्षा माणसे कमीच होती. पण समोरचा देखावा दिसावा म्हणून मुले, सासूबाई आणि दोघी बहिणी पुढच्या बाकांवर बसल्या होत्या. शनिवारी त्या तलावावर मोठ्या बोटींच्या लाटा एकमेकींवर आदळत असतात. तशी एक लाट समोर येताच साडूंनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या वेगाचा दांडा, एकदम मागे ओढला, बोटीचे नाक खाली गेले आणि पुढच्या फाटकाखालून आलेल्या पाण्याचा लोंढा थेट चालकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचला. पोह्यांचा डबा डेकवरून वाहत मागे आला. सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट होते आणि कोणाला इजा झाली नाही, पण सासूबाई त्यानंतर बोटीत बसल्या नाहीत. साडू आजही लाटेला दोष देतात.

१९५२ साली याच राज्यातील रिचमंड गावच्या अँब्रोज वीरेस या शेतकऱ्याने पोलादी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी फळ्यांचा मंच बसवून पहिली पॉन्टून तयार केली. सपाट, ऐसपैस डेक हेच तिचे तेव्हापासूनचे आकर्षण आहे. मात्र पुढे गर्दी झाली की ट्यूबची टोके दबतात आणि डेकची कड पाण्याशी भिडते. दोन्ही बोटींची रुंदी साडेआठ फूट धरली, तर चार फूट जास्त लांबीमुळे सुमारे ३४ चौरस फूट डेक वाढतो, माणसे मागे बसू शकतात आणि तिसरी ट्यूब पुढचा भारही उचलून धरते. लाट आली की माणसांना आधीच मागे बसवावे, नाक वर राहील इतका जोर इंजिनाला ठेवावा आणि लाट किंचित तिरकी घ्यावी. साडूंनी एवढे केले असते, तर वीस फुटीनेही ती लाट झेलली असती, हे मला मान्य आहे. पण पाहुण्यांनी भरलेल्या बोटीत आयत्या वेळी माणसे हलवायला जागाच नसेल, तर हे ज्ञान काय कामाचे?

मोठ्या बोटीला इंजिन अधिक अश्वशक्तीचे लागते, हिवाळ्यातील साठवणीचे भाडे बहुधा फुटावर आकारले जाते, आणि ट्रेलरसह बोटीचे वजन आपली गाडी ओढू शकते का, हे आधी तपासावे लागते. आपला तलाव लहान व शांत असेल आणि पाहुणे क्वचितच येत असतील, तर वीस फुटी घेण्यास माझी हरकत नाही. बोट भागीदारीत घेणार असाल, तर मात्र लांबीचा निर्णय पैसे भरण्यापूर्वी सर्वांनी मिळून, दोन्ही बोटी माणसांनी भरून पाण्यावर चालवून पाहिल्यानंतरच घ्यावा.