छंद म्हणून लिहिलेलं सॉफ्टवेअर फुकट द्यावं का?

विकायचा पक्का विचार नसेल तर खुशाल द्या, पण परवाना, म्हणजे इतरांनी कोड कसा वापरावा याच्या लेखी अटी, लावूनच. कोड नुसता इंटरनेटवर टाकला आणि परवाना लिहिलाच नाही, तर कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. इतरांना तो कायदेशीरपणे बदलता किंवा वाटता येत नाही. म्हणजे धड दान नाही, धड धंदा नाही. एमआयटी नावाच्या तयार परवान्यात कोणतीही कंपनी तुमचा कोड आपल्या बंदिस्त (कोड उघड न करणाऱ्या) उत्पादनात घालू शकते. ते खुपणार असेल तर जीपीएल हा दुसरा तयार परवाना घ्या: बदललेली आवृत्ती वाटणाऱ्याला तिचा सोर्स कोडही (माणसाने लिहिलेला, वाचता येणारा मूळ कोड) त्याच अटींवर द्यावा लागतो. जीपीएलमध्ये पैसे घ्यायला मनाई नाही, हे अनेकांना माहीत नसतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये छंद म्हणून जाहीर केलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पहिल्या परवान्यात मात्र तशी मनाई होती. १९९२ मध्ये जीपीएल स्वीकारल्यावर ती गेली. एमआयटी आणि जीपीएल दोन्ही परवाने हमी नाकारतात, त्यामुळे चुका दुरुस्त करून द्यायला तुम्ही बांधील नाही (लोक हक्काने मागतील, तो भाग वेगळा). फक्त नोकरीत असाल तर आधी करार वाचा. काही करारांत फावल्या वेळात लिहिलेला कोडही कंपनीचा ठरतो, आणि मग तो वाटायचा अधिकार तुमचा नसतो.