मॅग्नेशियमच्या ओतकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एझेड९१डी हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू साच्यात सहज भरतो, एवढ्यावरून गिअरबॉक्सच्या आवरणासाठी तो निवडू नये. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे तो बोल्टच्या दाबाखाली हळूहळू दबत जातो, बोल्टची पकड सैल होते आणि जोडातून तेल पाझरू लागते. म्हणूनच बीएमडब्ल्यूने २००४ च्या एन५२ इंजिनात स्ट्रॉन्शियमयुक्त एजे६२ मिश्रधातू घेतला, तोही ॲल्युमिनियमच्या गाभ्याभोवती ओतून. बोल्टही ॲल्युमिनियमचेच ठेवले, कारण ओलाव्यात पोलादाच्या संपर्काने मॅग्नेशियम झपाट्याने गंजते.

भट्टीपाशी मात्र पहिली काळजी ओलाव्याची घ्यावी. वितळलेल्या धातूला पाणी लागताच हायड्रोजन सुटून स्फोट होऊ शकतो, त्यामुळे धातू उपसायचा डाव दिसायला कोरडा असला तरी मी तो तापवल्याशिवाय बुडवत नाही (नवख्यांना हा वेळकाढूपणा वाटतो), आणि आगीसाठी डी वर्गाची, म्हणजे धातूंच्या आगीवर वापरायची कोरडी पावडर हाताशी ठेवतो.